खेळाडू मुलांना येणारी निमंत्रणे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत करोल बाग येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, मराठी रंगभूमी, मराठ्यांचे दिल्लीतील राजकारण असे भारदस्त विषय योजिलेले असताना मी बास्केटबॉलविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटले असेल. दत्ताजी शिंद्यांच्या बुराडी घाटावरून एकदम बास्केटबॉलच्या मैदानात उतरणे ही उडी मोठी आहे, हे मलाही मान्य आहे. परंतु हा विषय मी कार्यकारिणीकडून मागून घेतला. गेल्या दोन-तीन वर्षांत मंडळातील काही पालक आपल्या मुलाचा फोन हातात घेऊन मजकडे आले आणि म्हणाले, "जरा वाचून सांगा, हे खरे असते का?" मी खेळाडू नव्हे. माझी क्रीडाविषयक पात्रता शाळेतल्या लंगडीपाशी संपते. पण तीस वर्षे सरकारी कागद वाचण्यात गेली असल्यामुळे, कोणत्या वाक्याने संस्था बांधली जाते आणि कोणत्या वाक्याने केवळ वाचणारा सुखावतो, एवढे ओळखता येऊ लागले आहे. त्या फोनांवर मी जे वाचले ते बहुतांशी दुसऱ्या प्रकारचे होते.

महाविद्यालयाने खेळाडूवर जीव लावावा ही गोष्ट आपल्याकडे मुळीच नवी नाही. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकलेल्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या प्रवासासाठी पैसे कमी पडले, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. ही हकीकत आपणांपैकी अनेकांनी ऐकलेली असेल. खर्डेकरांनी त्या घराचे किंवा गहाणखताचे छायाचित्र कोठे छापून आणले नव्हते, एवढेच मी आज नमूद करू इच्छितो.

पुढे खेळाडूची एक ठरीव वाट पडून गेली. शाळा, महाविद्यालय, आंतरविद्यापीठ स्पर्धा आणि अखेरीस नोकरी. केंद्र शासनाच्या ४ ऑगस्ट १९८० च्या ज्ञापनाने गुणवंत खेळाडूंना 'क' आणि 'ड' वर्गांतील पदांवर घेण्याची पद्धत घालून दिली. त्या खेळांच्या यादीत बास्केटबॉल आहे. रेल्वे, पोलीस, बँका यांचे संघ तर आपल्या परिचयाचेच. मध्यमवर्गीय घरात मुलाला खेळू देण्याचे एकमेव मान्य कारण पुष्कळ वर्षे हेच होते, की खेळाच्या निमित्ताने कोठेतरी चिकटेल.

बास्केटबॉल हा खेळ १८९१ साली अमेरिकेत स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ यांनी निर्माण केला आणि वाय.एम.सी.ए.च्या द्वारे तो हिंदुस्थानात आला. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९३४ साली येथेच, नव्या दिल्लीत झाली. आपल्याकडे मुंबईचे नागपाडा, पुण्याचे डेक्कन जिमखाना आणि नागपूर ही त्याची जुनी ठाणी. भारतीय महिला संघाचे नेतृत्व केलेली शिरीन लिमये ही पुण्याचीच. तेव्हा हा खेळ परका म्हणून झटकून टाकण्याजोगा नाही.

आता दिल्ली विद्यापीठाकडे पाहा. तेथे खेळ आणि कला मिळून ५ टक्क्यांपर्यंत अधिसंख्य जागा ठेवल्या जातात. त्यासाठी मागील काही वर्षांची प्रमाणपत्रे दाखवावी लागतात आणि मैदानावर चाचणी द्यावी लागते. या चाचणीला मी फार महत्त्व देतो. तेथे मुलगा उन्हात धावतो, दमतो, त्याचा नेम चुकतो, आणि हे सारे परीक्षकाच्या डोळ्यांदेखत घडते. २०२० साली साथीच्या काळात ती चाचणी होऊ शकली नाही आणि केवळ प्रमाणपत्रांवर प्रवेश द्यावे लागले. त्या वर्षी मुले घरात बसली, हातांत फोन आले आणि मैदानावर जे दाखवायचे ते गच्चीवर करून दाखविण्याची सवय लागली. सवयीचे मूळ याआधीचे असेल, पण ती घराघरांत रुजली ती तेव्हा.

तेव्हापासून पुष्कळदा असे दिसते, की खेळाडू आधी फोनमध्ये दिसतो आणि मग मैदानावर. मुलगा आपल्या खेळाची दोन मिनिटांची चित्रफीत तयार करून इन्स्टाग्रामवर किंवा यूट्यूबवर घालतो. त्या दोन मिनिटांत त्याचा प्रत्येक चेंडू जाळीतून जातो. हुकलेले चेंडू कापलेले असतात. यात लबाडी आहे असे मी म्हणणार नाही. स्थळासाठी काढलेला फोटो कोण झोपेतून उठल्यावर काढतो? परंतु समोरची संस्थाही तसाच फोटो पाठवीत असते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. चकचकीत व्यायामशाळा, रात्रीच्या दिव्यांत झळकणारे मैदान, पाठीवर आपल्याच मुलाचे नाव छापलेला गणवेश, आणि मागे छातीत धडधड होईल असे संगीत.

करोल बागेत राहणाऱ्या आपणांस हे समजावून सांगण्याची खरे तर गरज नसावी. येथून राजिंदर नगरपर्यंत चालत गेले तर भिंती, खांब आणि गच्च्या प्रशासकीय सेवेत निवडल्या गेलेल्या मुलामुलींच्या चेहऱ्यांनी झाकलेल्या दिसतात, आणि तोच प्रसन्न चेहरा दोन-तीन शिकवणी संस्थांच्या फलकांवर आढळतो. अखेर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी मार्गदर्शक तत्त्वे काढून सांगितले, की यशस्वी विद्यार्थ्याचे नाव वा छायाचित्र वापरावयाचे तर निवड झाल्यानंतर त्याची लेखी संमती घ्यावी, आणि त्याने आपल्याकडे नेमका कोणता अभ्यासक्रम घेतला होता तेही जाहीर करावे. शिकवणी संस्थेच्या फलकाकडे आपण ज्या संशयाने पाहावयास शिकलो, तो संशय खेळाच्या निमंत्रणाजवळ आला की गळून पडतो, कारण या वेळी फलकावरचा चेहरा आपल्या मुलाचा असतो.

आपल्या देशातही विद्यापीठे आता खेळाडूंच्या शोधात बाहेर पडली आहेत. २०२० साली भुवनेश्वरला पहिल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा झाल्या. तीत चंडीगडचे पंजाब विद्यापीठ पहिले आणि आपले सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ दुसरे आले. पुढच्या काही वर्षांत चित्र पालटले. मौलाना अबुल कलाम आझाद करंडक, जो दीर्घकाळ जुन्या सरकारी विद्यापीठांकडेच फिरत असे, तो २०२४ च्या राष्ट्रीय क्रीडा पुरस्कारांत चंडीगड युनिव्हर्सिटी या खाजगी विद्यापीठास मिळाला. दुसरे स्थान लव्हली प्रोफेशनल युनिव्हर्सिटी या दुसऱ्या खाजगी विद्यापीठाला, आणि अमृतसरचे गुरू नानक देव विद्यापीठ तिसरे. ही खाजगी विद्यापीठे खेळाडूंना शुल्कात सवलती देतात, शिष्यवृत्त्या देतात आणि त्यांची पदके समाजमाध्यमांवर मोठ्या डौलाने मांडतात. खेळाडूच्या दृष्टीने यात वावगे काही नाही. ज्या मुलाला कोणी विचारीत नव्हते त्याला विचारणारे चार जण झाले. पण जाहिरातीतील पदक हे विद्यापीठाच्या कामी येते आणि पदवी मुलाच्या. हजेरी, परीक्षा आणि गुडघा दुखावल्यास पुढील शुल्क कोणी भरावयाचे, या तीन गोष्टी चित्रफितीत कधी येत नाहीत. त्या आपण विचाराव्या लागतात.

परंतु पालक मजकडे जे फोन घेऊन येतात, त्यांतील निमंत्रणे बहुधा अमेरिकेची असतात. त्याला कारणही आहे. पंजाबातील बल्लोके या खेड्यातील सतनाम सिंग याला २०१५ साली एन.बी.ए.च्या निवडीत डॅलसच्या संघाने घेतले. २०१७ साली आपल्या शेजारी ग्रेटर नोएडा येथे एन.बी.ए.ची प्रशिक्षण अकादमी सुरू झाली. तिच्यातून पुढे आलेली हरसिमरन कौर सॅन डिएगो विद्यापीठात आणि अमान संधू मॉनमाउथ विद्यापीठात खेळावयास गेले. ही उदाहरणे खरी आहेत, आणि आपल्या घरापासून मेट्रोच्या अंतरावर ती घडली म्हणून मुलांना ती आवाक्यातली वाटतात. मात्र या मुलांना केवळ चित्रफितीने नेले नाही. त्यांच्यामागे वर्षानुवर्षे रोजचा सराव आणि त्यांना प्रत्यक्ष खेळताना पाहणारी माणसे होती.

अमेरिकेत महाविद्यालयीन खेळांवर देखरेख करणारी मुख्य संस्था म्हणजे राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटना. तिला संक्षेपाने एनसीएए म्हणतात. तिच्या पहिल्या श्रेणीत पुरुषांचे साडेतीनशेहून अधिक बास्केटबॉल संघ आहेत. पूर्वी प्रशिक्षक खेळाडूंना पत्रे पाठवीत, आणि नामांकित मुलाच्या घरी पत्रांची खोकी भरत. मग भ्रमणध्वनी आले आणि रात्रंदिवस संदेशांचा असा भडिमार झाला, की २००७ साली संघटनेला ते संदेश बंदच करावे लागले. २०१२ साली पुरुष बास्केटबॉलपुरते ते पुन्हा मोकळे झाले. २०१६ साली आणखी एक नियम आला. तो वाचून मला आमच्या आस्थापना शाखेची आठवण झाली. प्रशिक्षकाने खेळाडूच्या जाहीर मजकुरावर पसंतीची खूण करावी, तो मजकूर पुढे पाठवावा, परंतु त्याखाली स्वतःचा एक शब्दही लिहू नये! म्हणजे अंगठा उमटवावा, पण सही करू नये.

मराठीत 'अंगठा दाखविणे' याचा अर्थ काय होतो हे येथे सांगावयास नको. त्या एका खुणेवर कित्येक मुले रात्र-रात्र जागतात. ती खूण प्रशिक्षकाने स्वतः केली, की त्याच्या कचेरीतील याच कामासाठी नेमलेल्या एखाद्या तरुणाने, हेही कळण्यास मार्ग नसतो. मोठ्या महाविद्यालयांत आता खेळाडूंसाठी चित्रे आणि फिती तयार करणारे कलाकार पगारावर असतात. मुलाचे नाव घालून भित्तिचित्र बनविणे हा त्यांचा रोजचा धंदा आहे. असे एक चित्र बनविण्यास त्यांना आमच्या कचेरीत पावती फाडण्याइतकाच वेळ लागत असावा.

तर मग खरे निमंत्रण ओळखावे कसे? मी आलेला संदेश सरकारी फाईलप्रमाणे वाचतो. पहिला प्रश्न, लिहिणारा कोण? पुरुष बास्केटबॉलमध्ये पहिल्या श्रेणीच्या प्रशिक्षकाला मुलाची दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपूर्वी प्रवेशासंबंधी खाजगी संदेश पाठविता येत नाही. तेव्हा नववीतल्या मुलाला आलेले पत्र बहुधा उन्हाळी शिबिराचे पत्रक असते. शिबिराला शुल्क असते, तेही डॉलरमध्ये, आणि असे पत्रक एकाच वेळी शेकडो मुलांना गेलेले असते. त्यावर 'आम्ही तुझ्यावर लक्ष ठेवून आहोत' असे लिहिलेले असले तरी ते पत्रकच.

दुसरा प्रश्न, संस्था कोणत्या श्रेणीची? एनसीएएच्या तिसऱ्या श्रेणीतील महाविद्यालये खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. हार्वर्ड, येल ज्यांत मोडतात त्या आयव्ही लीगमधील आठ विद्यापीठेही देत नाहीत, जरी ती पहिल्या श्रेणीत खेळत असली तरी. तेथे मिळणारे साहाय्य गुणांवर किंवा घरच्या उत्पन्नावर असते. म्हणून 'ऑफर आली' हा शब्द ऐकून पेढे वाटण्यापूर्वी, ऑफर खेळण्याची की शुल्कमाफीची, हे विचारून घ्यावे. या दोहोंतील अंतर चार वर्षांत एखाद्या घराच्या किमतीइतके होऊ शकते.

तिसरा प्रश्न, सही कोठे आहे? तोंडी दिलेली किंवा संदेशातून दिलेली ऑफर म्हणजे फाईलच्या कडेला पेन्सिलीने केलेला शेरा. तो केव्हाही खोडता येतो. १९६४ पासून चालत आलेला, दोन्ही बाजूंना बांधणारा प्रवेशाचा संकल्पलेख ऑक्टोबर २०२४ मध्ये रद्द झाला. आता आर्थिक साहाय्याचा लेखी करार हाच खरा मंजुरी आदेश. तो एका वर्षाचा आहे की अधिक वर्षांचा, हे त्यात पाहावे. कारण वर्षाची शिष्यवृत्ती दर वर्षी नव्याने द्यावी लागते, आणि ज्या प्रशिक्षकाने मुलाला बोलाविले तो दुसरीकडे गेला तर नवा प्रशिक्षक आपल्या पसंतीची मुले आणतो. शिवाय २०१८ पासून एका महाविद्यालयातून दुसरीकडे जाऊ इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंद एकाच ठिकाणी ठेवली जाते. वीस-बावीस वर्षांचा मुरलेला गडी तेथून मिळत असता शाळेतून आलेल्या पोराला कोण विचारतो, हा प्रश्न खुद्द अमेरिकन पालकांना पडलेला आहे.

पैशाचीही एक गोष्ट सांगतो. १ जुलै २०२१ पासून तेथील खेळाडूंना आपले नाव आणि छबी वापरू देऊन कमाई करण्याची मोकळीक मिळाली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या समझोत्यानुसार महाविद्यालयेही त्यांना आपल्या उत्पन्नातून थेट वाटा देऊ लागली. मुले या आकड्यांच्या बातम्या एकमेकांना पाठवितात. परंतु आपली मुले तेथे विद्यार्थी व्हिसावर जातात, आणि त्या व्हिसावर काम करून पैसे मिळविण्यास कडक मर्यादा आहेत. एखादा जाहिरातीचा करार व्हिसावर बेतू शकतो. संदेश पाठविणारा याविषयी बहुधा काही लिहीत नाही.

मध्यस्थांविषयी थोडक्यात. मुलाची माहिती महाविद्यालयांकडे पोचविण्यासाठी ठराविक शुल्क घेणाऱ्या सेवा आहेत, आणि त्या नियमांत बसतात. परंतु 'शिष्यवृत्ती मिळाली तर तिच्यातील इतके टक्के आम्हाला' असे जो म्हणतो, त्याच्याशी व्यवहार केल्यास मुलाची खेळण्याची पात्रताच धोक्यात येते. अशा गृहस्थाला चहा पाजून निरोप द्यावा.

आणि सर्वांत महत्त्वाचे, जे एकाही चित्रफितीत नसते. पहिल्या श्रेणीत खेळावयाचे तर नववी ते बारावी या चार वर्षांतील ठराविक सोळा विषयांचे गुण पाहिले जातात. आपल्या घरांतून नववी हे 'अजून वेळ आहे' असे म्हणण्याचे वर्ष असते. तेथे नववीची गुणपत्रिका मागतात! शाळेने ती दिलेली असते, आपण ती कोठे ठेवली ते आठवत नसते. त्याचप्रमाणे बारावीनंतर एक वर्ष, दोन वर्षे घरी बसून परीक्षेची तयारी करणे ही करोल बागेची हवाच आहे. परंतु रेंगाळलेली वर्षे पुढे खेळण्याच्या वर्षांतून वजा होऊ शकतात. अभ्यास आणि खेळ यांपैकी एक काहीतरी निवड, असे आपण मुलाला दरडावतो. तिकडे जाण्याचा रस्ता मात्र दोन्ही हातांत धरून चालणाऱ्यासाठीच आहे.

मित्रहो, इतके ऐकून कोणी घरी जाऊन मुलाचा फोन काढून घेणार असेल तर माझे बोलणे वाया गेले असे मी समजेन. या यंत्राने एक मोठे काम केले आहे. पूर्वी खेळाडू पुढे येण्यास ओळख लागे. शिक्षकाची ओळख, निवड समितीतील कोणाची ओळख. नोकरीनिमित्त दर चार-पाच वर्षांनी गाव बदलणाऱ्या आपल्यासारख्यांच्या मुलांना ती ओळख कोठून असणार? महाराष्ट्राच्या संघाला ती दिल्लीची वाटतात आणि दिल्लीच्या संघाला महाराष्ट्राची. आज सांगलीच्या किंवा करोल बागेच्या मुलाने टाकलेला चेंडू कोणीही, कोठूनही पाहू शकतो. हे लहान नव्हे.

मला काळजी आहे ती निराळ्या गोष्टीची. संस्था आता मुलाशी थेट बोलते, आई-वडिलांना वगळून. अमेरिकेत दुपार असते तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली असते. घर झोपलेले असते, आणि सोळा वर्षांचा मुलगा अंधारात पांघरुणाखाली एका अनोळखी, अनुभवी, गोड बोलणाऱ्या माणसाला एकटाच उत्तरे देत असतो. तो आपल्याला विचारीत नाही, कारण मागे त्याने खेळाचा विषय काढला तेव्हा आपण म्हटले होते, 'आधी गणिताचे बघ.' दार आपण लावले, आणि आता तो खिडकीतून बोलतो आहे. त्याच्या शेजारी बसून तो संदेश वाचावा. इंग्रजी न येणाऱ्या आजीनेही बसावे. संदेशात मुलाचे कौतुक किती आणि ठोस सांगणे किती, हे ओळखण्यास इंग्रजी लागत नाही. उत्तर दिवसाउजेडी द्यावे, आणि त्यात आई-वडिलांची नावे घालावीत. खरा प्रशिक्षक त्याने बिचकत नाही. उलट घरची माणसे कशी आहेत, हे त्यालाही पाहावयाचे असते.

[भाषणानंतर एका भगिनींनी विचारले, "हे सारे मुलांचे झाले. मुलींना यात काही वाव आहे का?" त्यास दिलेले उत्तर येथे जोडीत आहे.]

ताई, आहे, आणि पुष्कळदा मुलांहून अधिक आहे. अमेरिकेत १९७२ च्या शिक्षणविषयक कायद्याने, ज्याला तेथे टायटल नाइन म्हणतात, मुलींना खेळांत समान संधी देणे संस्थांना बंधनकारक झाले. त्याचा परिणाम असा, की २०२५ पर्यंत पहिल्या श्रेणीत पुरुषांच्या बास्केटबॉल संघाला १३ शिष्यवृत्त्यांची मर्यादा असताना महिलांच्या संघाला १५ ची होती. नवा समझोता स्वीकारलेल्या संस्थांत आता दोन्ही संघ १५ खेळाडूंचे असतात. बंगळूरची संजना रमेश नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठात खेळली; हरसिमरनचे नाव मघाशी घेतलेच. आपल्या मुलीची चित्रफीत तयार करताना मात्र एक करावे. उड्या आणि नेम यांच्याबरोबर एका संपूर्ण सामन्याचे चित्रण, हुकलेल्या चेंडूंसह, न कापता ठेवावे. ज्याला खरोखर खेळाडू हवी असते तो तेच मागतो. आणि नववीची गुणपत्रिका सापडत नसेल तर दुसरी प्रत मिळण्यासाठी शाळेकडे उद्याच अर्ज करावा. अर्जाचा मसुदा मी करून देईन.